भोर आणि वेल्हे : हवाई अंतर आणि प्रत्यक्ष प्रवास

पुणे जिल्ह्याच्या नैऋत्येस असलेल्या भोर व वेल्हे या दोन तालुक्यांच्या ठिकाणांमधील अंतर किती, असे संगणकाला विचारल्यास दोन निरनिराळी उत्तरे मिळतात. प्रवासाला निघणाऱ्यांचा गोंधळ होऊ नये, म्हणून या दोन्ही उत्तरांचा अर्थ आम्ही येथे स्पष्ट करीत आहोत.

पहिले उत्तर हवाई अंतराचे. नकाशावर सरळ रेषा ओढली असता हे अंतर सुमारे २७ किलोमीटर भरते. ताशी ८०० किलोमीटर वेगाने जाणारे विमान ते दोन मिनिटांत, तर ताशी २०० किलोमीटर वेगाचे हेलिकॉप्टर आठ मिनिटांत पार करील. परंतु हा केवळ भागाकार आहे. भोर किंवा वेल्हे येथे विमानतळ नाही. प्रवासी विमानसेवेसाठी जिल्ह्यात पुण्याच्या लोहगावलाच जावे लागते.

दुसरे उत्तर रस्त्याचे. भोरहून कापूरहोळ येथे पुणे-सातारा महामार्गावर यावे, पुण्याच्या दिशेने चेलाडी फाट्यापर्यंत जावे व तेथून नसरापूर, मार्गासनी, विंझर या मार्गाने वेल्हे गाठावे. हे अंतर पन्नास किलोमीटरच्या आसपास, म्हणजे हवाई अंतराच्या जवळजवळ दुप्पट आहे. स्वतःच्या वाहनाने साधारण सव्वा ते दीड तास लागतो. एस.टी.ने जाणाऱ्यांना थेट गाडी न मिळाल्यास चेलाडी फाट्यावर गाडी बदलावी लागते.

हा फरक का पडतो? याचे उत्तर नद्यांच्या खोऱ्यांत आहे. भोर नीरेच्या काठी, तर वेल्हे तोरण्याच्या पायथ्याशी, कानंदीच्या खोऱ्यात वसले आहे. या दोन्हींच्या मध्ये वेळवंडी व गुंजवणी यांची खोरी येतात. या नद्या सह्याद्रीत उगम पावून पूर्वेकडे वाहतात आणि त्यांच्यामध्ये डोंगरांच्या रांगा उभ्या आहेत. सरळ रेषा वेळवंडीवरील भाटघर धरणाचा जलाशय ओलांडून राजगडाच्या जवळून जाते. वाहनाला मात्र एका खोऱ्यातून पूर्वेस मोकळ्या प्रदेशात उतरून दुसऱ्या खोऱ्यातून पुन्हा पश्चिमेस चढावे लागते.

हा केवळ भूगोलाचा विषय नाही. वेल्ह्याकडील एखाद्या रुग्णास रात्री भोरच्या उपजिल्हा रुग्णालयात न्यावयाचे झाल्यास सत्तावीस किलोमीटरचा हिशेब उपयोगी पडत नाही. दीड तासाचाच हिशेब धरावा लागतो. पावसाळ्यात धुके, दरडी व खराब रस्ता यांमुळे हा वेळ वाढतो. भोरच्या कार्यालयांत काम असलेल्या वेल्हेकराचाही जाण्यायेण्यात जवळजवळ अर्धा दिवस जातो.

नावाविषयीही एक सूचना. राज्य मंत्रिमंडळाने मार्च २०२४ मध्ये वेल्हे तालुक्याचे नाव ‘राजगड’ करण्याचा निर्णय घेतला. त्यामुळे माहिती शोधताना दोन्ही नावे तपासावीत. राजगड किल्ला व वेल्हे गाव मात्र वेगवेगळ्या ठिकाणी आहेत, हेही ध्यानात ठेवावे.

तात्पर्य, डोंगराळ मुलुखात अंतर किलोमीटरमध्ये न विचारता तासांमध्ये विचारावे, आणि शक्यतो नेहमी त्या वाटेने जाणाऱ्यालाच विचारावे, असे आम्ही वाचकांना सुचवितो.