कोतवालाच्या वहीतले म्हातारपण

धनत्रयोदशीच्या संध्याकाळी आमची आजी कणकेचा दिवा करी आणि त्याचे तोंड दक्षिणेला करून उंबऱ्याबाहेर ठेवी. अपमृत्यू टळावा म्हणून यमाला दिलेला हा दिवा. अपमृत्यू म्हणजे काय, असे मी तिला एकदा विचारले. ती म्हणाली, "येळंच्या आधी जातं त्ये." आणि म्हातारा माणूस गेला तर? "त्येला काय व्हतंय? पिकलं पान, गळायचंच."

आजीच्या या उत्तराची गाठ पुढे पस्तीस वर्षांनी एका सरकारी दप्तरात पडली. ऐन सणात मरणाच्या गोष्टी कसल्या काढता, असे घरातली वडील मंडळी म्हणतील. पण यमद्वितीयाही याच दिवसांतली. यमाच्या हिशेबाविषयी बोलायला याहून बरा मुहूर्त कोठून आणावा?

२०२३ साली कुणबी नोंदी शोधण्याची धांदल उडाली, न्यायमूर्ती शिंदे यांची समिती नेमली गेली आणि गावोगावची जुनी दप्तरे धूळ झटकून बाहेर निघाली. पुतण्याच्या दाखल्यासाठी मीही तालुक्याच्या अभिलेख कक्षात जाऊन बसलो. गाव नमुना नंबर १४, लोकांच्या भाषेत कोतवाल बुक. जन्माची तारीख, मरणाची तारीख, नाव, जात, वय, मरणाचे कारण. सगळे जण जातीचा रकाना पाहात होते. मीही त्याचसाठी गेलो होतो. पण नजर अडकली ती कारणाच्या रकान्यात. मोडी वाचणारे गृहस्थ एका सुरात वाचीत होते, "ताप, ताप, पटकी, ताप, म्हातारपण, ताप." कोणाचे वय साठ, कोणाचे पन्नास, कोणाचे सत्तर. एकसष्ट किंवा त्रेपन्न वर्षांचा माणूस त्या गावात जणू मेलाच नाही!

मग ऑक्टोबर १९१८ चे पान आले. आमच्या घराच्या तीन ओळी जवळजवळ होत्या. सून, वय पंचवीस, ताप. नातू, वय चार, ताप. आणि चौथ्या दिवशी माझे खापरपणजोबा, वय साठ, म्हातारपण.

तो महिना कसला होता हे वाचकांना ठाऊक असेल. जूनमध्ये मुंबईत उतरलेला इन्फ्लुएंझा सप्टेंबर-ऑक्टोबरात दुसऱ्यांदा उसळला आणि हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे घेऊन गेला. सरकारी नोंदीत त्यांतली बहुतेक मरणे नुसती 'ताप' या नावाखाली जमा आहेत. एकाच घरात, एकाच आठवड्यात, त्या तापाने सून नेली, नातू नेला. म्हाताऱ्याला तेवढे वगळले आणि मग तो आपल्या म्हातारपणाने गेला, हे मला काही केल्या पटेना. या साथीने वीस ते चाळीस वयाची माणसे विशेष नेली, असे अभ्यासक सांगतात. अनेक देशांच्या आकड्यांवरून ते दिसून आले आहे, मी त्यावर वाद घालीत नाही. माझे म्हणणे एवढेच की आमच्या पानावर तापाच्या हिशेबातून एक म्हातारा वजा झालेला आहे.

यात कोतवालाला दोष देण्यात अर्थ नाही. गावात वैद्य नाही, डॉक्टर तर नाहीच. तो बिचारा अंगणातूनच विचारणार, आणि घरातले दुःखातले लोक काहीतरी सांगणार. शिवाय साठीच्या माणसाला कारण कशाला विचारायचे? आमची आजी विचारती ना!

घरी येऊन मी या 'म्हातारपणा'चा माग काढू लागलो, तो थेट सतराव्या शतकातल्या लंडनला जाऊन पोचला. तेथे दर आठवड्याला मेलेल्यांच्या याद्या छापल्या जात. मरणाचे कारण ठरवायला डॉक्टर नसत. प्रत्येक वस्तीत नेमलेल्या म्हाताऱ्या बायका प्रेत पाहून येत आणि सांगत. १६३२ सालच्या यादीत ९५३५ माणसे पुरल्याची नोंद आहे. त्यांत ६२८ 'म्हातारपणाने', ६२ 'अचानक', आणि १३ जण चक्क ग्रहाच्या फटक्याने! आपल्याकडे साडेसाती म्हणतात, तिकडे ती मरणाच्या नोंदीतच घालून टाकलेली.

या याद्यांचा विचार करायचे सुचले ते जॉन ग्रँट नावाच्या एका दुकानदाराला. कापडचोपड विकणारा हा माणूस. १६६२ साली त्याने त्यावर एक पुस्तक लिहिले आणि पंडितांच्या सभेत जाऊन बसला. (मॅट्रिकवर थांबलेल्या माझ्यासारख्याला त्याचे विशेष कौतुक वाटते.) वीस वर्षांच्या २,२९,२५० मरणांत त्याला 'म्हातारपणाची' १५,७५७ सापडली, म्हणजे शंभरांत जवळजवळ सात. मग त्याने खरा प्रश्न विचारला: या बायका म्हातारा म्हणतात तो किती वर्षांच्या माणसाला? त्याने आपल्यापुरते सत्तर धरले. पेलाभर दारू आणि हातावर ठेवलेली चिल्लर यांनी या बायका गरमीचा रोग क्षयात बदलून देतात, हेही त्याने ओळखले होते. पण त्या ६२८ जणांत पुरुष किती, हे ती यादी सांगत नाही. म्हणजे तेव्हाच्या आणि आताच्या म्हाताऱ्या पुरुषांची तुलना करू पाहणाऱ्याची पहिल्याच पायरीवर अडचण.

ग्रँटचे पुढचे म्हणणे ऐकण्यासारखे आहे. ज्या देशात शंभरांत सातांहून अधिक माणसे सत्तरीपलीकडे जगतील, तो देश लंडनपेक्षा निरोगी. म्हणजे म्हातारपणाची मरणे जितकी जास्त, तितके चांगले. आज नेमके उलटे समजतात. 'म्हातारपण' किंवा 'कारण अज्ञात' असा शेरा जेथे फार, तेथील नोंदणी कच्ची, असा जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब. इंग्लंडात तर आता ऐंशीच्या आतल्या माणसाच्या दाखल्यावर नुसते 'म्हातारपण' लिहिलेले चालत नाही. २०२१ साली राणीचे यजमान प्रिन्स फिलिप नव्व्याण्णवाव्या वर्षी वारले. त्यांच्या दाखल्यावर मात्र तेच लिहिले गेले, आणि पुढल्या वर्षी राणीच्याही. राजवाड्यात डॉक्टरांचा तोटा होता असे कोण म्हणेल?

जपानची गोष्ट तर आणखी वेगळी. तेथे म्हातारपणाच्या मरणाला 'रोसुई' म्हणतात. १९४७ नंतर त्याचे प्रमाण वर्षानुवर्षे घसरत गेले, कारण डॉक्टर रोगाचे नाव शोधू लागले. २००१ पासून ते पुन्हा चढू लागले आणि २०१८ साली अर्धांगवायूला मागे टाकून मृत्यूच्या कारणांत तिसऱ्या क्रमांकावर गेले. डॉक्टर काही अडाणी झाले नाहीत. नव्वदीच्या माणसाला नळ्या लावून तपासण्यापेक्षा शांतपणे जाऊ द्यावे असे घरच्यांना वाटू लागले, आणि मुळात नव्वदीला पोचणारी माणसेच वाढली.

हे सारे मी सातवीच्या वर्गात एका गणितात घातले. समजा, साठीवरच्या हजार पुरुषांमागे पन्नास वर्षांपूर्वी वर्षाला ऐंशी मेले, त्यांतल्या चाळिसांचे कारण अज्ञात. आज चाळीस मेले, त्यांतल्या दहांचे अज्ञात. हजारी चाळिसावरून दहावर आले. तर मुलांनो, अज्ञात रोग कमी झाला काय? एका मुलीने उत्तर दिले, "गुरुजी, लिहिणारा बदलला असेल." मी तिला पैकीच्या पैकी गुण दिले. मागल्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "पण साठीवरचे म्हणजे नक्की किती वर्षांचे?" हा प्रश्न मला स्वतःला सुचायला सहा महिने लागले होते. पूर्वीच्या साठीवरच्यांत पासष्टीचे जास्त, आताच्यांत पंच्याऐंशीचेही पुष्कळ. पाच-पाच वर्षांचे गट वेगळे करून पाहिल्याखेरीज त्या दोन आकड्यांची जोडी लावता येत नाही.

आपल्याकडे १९६९ साली जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा झाला. तरी २०२० साली नोंदलेल्या मृत्यूंपैकी डॉक्टरने कारण प्रमाणित केलेले शेकडा साडेबावीसच होते. आणि डॉक्टरने लिहिले म्हणजे कळले असेही नाही. 'हृदयक्रिया बंद पडून' हे का कारण झाले? ती सर्वांचीच बंद पडते. कोतवालाने 'म्हातारपण' लिहिले, पदवीधराने हे लिहिले. अज्ञान तेच, अंगरखा तेवढा नवा.

यावर एक तोड निघाली. या शतकाच्या आरंभी जनगणना खात्याने डॉ. प्रभात झा आणि त्यांच्या सहकाऱ्यांबरोबर दहा लाख मृत्यूंचा अभ्यास हाती घेतला. शिकवलेले कर्मचारी मृताच्या घरी जात, बसून विचारीत: ताप किती दिवस होता, खोकला होता का, पाय सुजले होते का, दम केव्हा लागे. ती हकीकत दोन डॉक्टर वेगवेगळे वाचून कारण ठरवीत. फार म्हाताऱ्यांच्या बाबतीत येथेही बरीचशी मरणे अंधारातच राहिली, पण सत्तरीच्या आतल्यांची पुष्कळशी उजेडात आली. उपाय एवढाच, की कोणीतरी घरी जाऊन विचारले.

हे वाचले त्या रात्री मला आमच्या अण्णांचा दाखला आठवला. तीन वर्षांपूर्वी ते गावी गेले तेव्हा मी शाळेच्या परीक्षांत होतो; पोचेपर्यंत सारे आटोपले होते. वय अठ्ठ्याहत्तर. दाखल्यावर तेच, 'हृदयक्रिया बंद पडून'. मी तो घडी करून कपाटात ठेवला होता आणि माझ्याही मनात आजीचेच पिकले पान होते.

गेल्या मे महिन्यात गावी गेलो तेव्हा वही घेऊन आईसमोर बसलो आणि त्या कर्मचाऱ्यांसारखे एकेक विचारू लागलो. ती आधी म्हणाली, "आता काय करायचंय त्याचं?" मग सांगू लागली. पाय सुजत होते, चप्पल चढत नव्हती. पायरी चढताना दम लागे. आणि शेवटचे तीन आठवडे त्यांना आडवे होताच येत नव्हते. रात्रभर कणगीला पाठ टेकून बसत आणि मला फोन करू नकोस म्हणून तिला बजावत. मला यातले काहीही ठाऊक नव्हते.