बार्शी लाइटचे कामगार आणि ‘कपात’ हा शब्द

नोकरी गेलेल्या माणसाच्या हाती काय पडावे, हे पूर्वी बहुतांशी मालकाच्या मर्जीवर असे. २४ ऑक्टोबर १९५३ पासून कायदा आला : कपातीत गेलेल्या कामगारास पुऱ्या केलेल्या दर वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार. त्याच सुमारास बार्शी लाइट रेल्वे कंपनीने नोटीस दिली. पंढरीच्या वारकऱ्यांच्या ओळखीची ती अरुंद रुळांची गाडी १ जानेवारी १९५४ रोजी सरकार ताब्यात घेणार. सबब ३१ डिसेंबरला सर्वांची नोकरी समाप्त! बहुतेकांना सरकारने पुन्हा घेतले खरे, पण कंपनीकडील चाकरीचे काय? त्या हिशेबासाठी के. एन. जोगळेकर व त्यांचे सहकारी भांडले. मुंबई हायकोर्टात कामगार जिंकले.

२७ नोव्हेंबर १९५६ रोजी सुप्रीम कोर्टाने निकाल फिरवला. चालू धंद्यातील जादा माणसे काढणे ही कपात. धंदाच बंद झाला वा दुसऱ्याच्या हाती गेला, तर ती कपात नव्हे. शब्दार्थाने हे बरोबर असेलही. पण दहा माणसे काढणाऱ्याने पैसे द्यावेत आणि गिरणीला कुलूप ठोकून हजारांना काढणाऱ्याने मोकळे सुटावे, हे कोणत्या कामगाराला पटावे?

सरकारलाही पटले नाही. १९५७ साली वटहुकूम व मागोमाग दुरुस्ती झाली : कारखाना बंद पडला वा विकला, तरी भरपाई. कारण मालकाच्या आवाक्याबाहेरचे ठरले तर बंद कारखान्यात फार तर तीन महिन्यांचा पगार. मात्र नुसती पैशाची अडचण हे तसे कारण नव्हे. दुरुस्ती लागू झाली २८ नोव्हेंबर १९५६ पासून, म्हणजे निकालाच्या दुसऱ्या दिवसापासून. बार्शी लाइटची माणसे तिच्याबाहेरच राहिली.