५,३७९ रुपये: नांदेडचा एक जुना हिशेब

आजची गोष्ट आपल्याच भागातली आहे. ऑक्टोबर २००९, विधानसभेची निवडणूक. मी तेव्हा लातूरला शाळेत होतो. पेपर एवढा जाड यायचा की आजी खूश, रद्दी जास्त होणार म्हणून! त्या पानांची किंमत मला फार उशिरा कळली.

तेव्हा अशोक चव्हाण मुख्यमंत्री होते आणि नांदेड जिल्ह्यातल्या भोकरमधून उभे होते. पत्रकार पी. साईनाथ यांनी त्या दिवसांतले मराठी पेपर गोळा केले. चव्हाणांचं कौतुक करणारी ४७ पूर्ण पानं निघाली, त्यात 'अशोक पर्व' नावाच्या पुरवण्याही होत्या. वर कुठेच 'जाहिरात' असं छापलेलं नव्हतं. आणि गंमत बघा, एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या पेपरांत एक मजकूर तर शब्दन्‌शब्द सारखा!

आता दुसरा कागद, उमेदवाराने दिलेला खर्चाचा हिशेब. पेपरातल्या जाहिराती: ५,३७९ रुपये. केबल टीव्ही: ६,००० रुपये. बस्स.

आम्ही सॉफ्टवेअरवाले याला 'जॉइन' म्हणतो. दोन टेबलं वेगवेगळी बघितली तर काहीच दिसत नाही, शेजारी ठेवली की भोक दिसतं. साईनाथांनी हेच केलं.

पुढे काय झालं? हरलेले उमेदवार माधवराव किन्हाळकर निवडणूक आयोगाकडे गेले. चव्हाणांनी आरोप नाकारले. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हिशेब खरा की खोटा हे आयोग तपासू शकतो. जुलैमध्ये आयोगाचा आदेश चव्हाणांच्या विरोधात गेला, पण सप्टेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो रद्द केला. का अडतं माहितीये? उमेदवाराने किंवा त्याच्या संमतीने झालेलाच खर्च कायदा त्याच्या हिशेबात धरतो. पानं छापली हे दिसतं. पैसे कोणी दिले, कोणाच्या सांगण्यावरून, हे तिसरं टेबल हातात नसतं.

मोठ्या कंपन्यांच्या पैशाचंही तेच. निवडणूक रोखे आठवतात? १५ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केले. मार्चमध्ये दोन याद्या आल्या: रोखे कोणी घेतले आणि कोणत्या पक्षाने वटवले. पण दोन्हींना जोडणारा नंबरच नव्हता! न्यायालयाने पुन्हा खडसावल्यावर २१ मार्चला रोख्यांचे नंबर बाहेर आले, आणि कोणत्या कंपनीचा पैसा कुठे गेला ते पत्रकारांनी काही तासांत जुळवलं. मग त्याशेजारी तिसरं टेबल ठेवलं: कंत्राटं आणि धाडी यांच्या तारखा.

फक्त एक लक्षात ठेवा. तारखा जुळल्या म्हणजे गुन्हा सिद्ध झाला असं नाही. पण नेमका प्रश्न विचारायची जागा तिथेच सापडते.

आणि हे काम फक्त दिल्ली-मुंबईच्या पत्रकारांचं नाही. निकालानंतर ३० दिवसांत प्रत्येक उमेदवाराला जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे हिशेब द्यावा लागतो. नियमाप्रमाणे एक रुपया फी भरून तो कोणालाही बघता येतो. नांदेडलाही, लातूरलाही.

तेवढ्यासाठी पुढच्या निवडणुकीतली रद्दी लगेच विकू नका. चला, भेटू पुढच्या भागात!