वैद्यकाचा उंबरठा : हिस्लॉप महाविद्यालय, जीवशास्त्र आणि यवतमाळचा विद्यार्थी

वैद्यकीय शिक्षणाचा इतिहास बहुधा वैद्यकीय महाविद्यालयाच्या स्थापनेपासून सांगितला जातो. परंतु ज्या प्रदेशात असे महाविद्यालय दीर्घकाळ नव्हतेच, त्या प्रदेशाचा इतिहास त्याआधीच्या पायरीपासून, म्हणजे पूर्वतयारीच्या शिक्षणापासून पाहावा लागतो. यवतमाळ जिल्हा हे याचे उत्तम उदाहरण होय. १९०३ साली वऱ्हाडचा कारभार मध्य प्रांताशी जोडला गेला आणि १९०५ साली ‘वणी’ जिल्ह्याचे नाव यवतमाळ झाले. त्यानंतर येथील विद्यार्थ्याच्या उच्च शिक्षणाची दिशा साहजिकच नागपूरकडे वळली. धामणगावापर्यंत सडकेने आणि पुढे आगगाडीने, असा तो प्रवास असे.

नागपुरात त्याच्यासमोर उघडणारे एक प्रमुख दार हिस्लॉप महाविद्यालयाचे होते. स्कॉटलंडच्या फ्री चर्चच्या मिशनने १८८३ साली स्थापिलेले हे ख्रिस्ती महाविद्यालय प्रथम कलकत्ता, १९०४ पासून अलाहाबाद आणि १९२३ नंतर नव्या नागपूर विद्यापीठाशी संलग्न होते. संस्था एकाच गावी स्थिर राहिली, परंतु तिचा अभ्यासक्रम मात्र तीन विद्यापीठांनी ठरविला. अध्यापनाची भाषा या सर्व स्थित्यंतरांत इंग्रजीच राहिली.

ज्यांचे नाव या महाविद्यालयाला दिले गेले, त्या रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप यांचे कार्य येथे विचारात घेणे अगत्याचे आहे. १८४५ साली नागपुरास आलेले हिस्लॉप धर्मोपदेशक असूनही सृष्टिनिरीक्षणात रमणारे होते. नागपूरच्या दक्षिणेस सुमारे साठ मैलांवरील मांगली येथे मिळालेल्या उभयचर प्राण्याच्या कवटीचे वर्णन पुढे रिचर्ड ओवेन यांनी ‘ब्रॅकिऑप्स’ या नावाने केले. दुसरीकडे हिस्लॉप यांनी गोंडी भाषेची शब्दसामग्री आणि परधानाच्या तोंडून मिळालेली लिंगोची कथागीते जमविली. ४ सप्टेंबर १८६३ रोजी, टाकळघाट येथील शिलावर्तुळे पाहून परतताना, ओढ्याच्या पुरात त्यांचा अंत झाला. त्यांचे लेखन रिचर्ड टेंपल यांनी १८६६ साली प्रसिद्ध केले. खडक, जीवाश्म आणि बोली यांचा अभ्यास एकाच जिज्ञासेने करणारी ही दृष्टी होती. जी भूमी अभ्यासावयाची तिची भाषाही ऐकावयाची, हे तिचे सूत्र होय. तथापि महाविद्यालयीन परीक्षापद्धतीत या दोन अंगांची फारकत झाली. निरीक्षणाची शिस्त तेवढी उरली, भाषा बाहेर राहिली.

ही फारकत अटळ होती काय? मुंबईच्या अनुभवावरून तसे म्हणता येत नाही. एकोणिसाव्या शतकात वनस्पतिशास्त्र हा प्रामुख्याने वैद्यकीय महाविद्यालयातच शिकविला जाणारा विषय होता, कारण औषधिविज्ञानाचा पाया वनस्पतींवरच उभा होता. १८४५ च्या ग्रँट मेडिकल कॉलेजात १८६१ साली मराठी व गुजराती वर्ग सुरू झाले. तेथेच वनस्पतिशास्त्र शिकविणारे डॉ. सखाराम अर्जुन यांनी वैद्यकीय विषयांवर मराठीत ग्रंथलेखन केले, आणि १८८३ साली मुंबईतील निसर्गेतिहास मंडळाच्या स्थापनेतही त्यांचा वाटा होता. शास्त्र आणि देशभाषा येथे एकाच व्यक्तीच्या ठायी नांदत होती. पुढे जीवशास्त्र वैद्यकीय महाविद्यालयातून खाली उतरून सामान्य महाविद्यालयाच्या ‘इंटर सायन्स’ वर्गात आले. तेव्हापासून बेडकाचे विच्छेदन आणि लॅटिन द्विनामे ही वैद्यकाची प्रवेशचाचणी ठरली.

विदर्भातील वैद्यकाच्या वाटा किती दूरच्या होत्या, हे दोन चरित्रांवरून ध्यानात येते. बिलासपूरहून आलेले बाळकृष्ण शिवराम मुंजे हिस्लॉप महाविद्यालयात शिकले, पुढे मुंबईस ग्रँट मेडिकल कॉलेजात जाऊन १८९८ साली वैद्यकीय पदवीधर झाले आणि नागपुरात नेत्रवैद्य म्हणून नावारूपास आले. उलट केशव बळीराम हेडगेवार यांना ‘वंदे मातरम्’ प्रकरणी नागपूरची शाळा सोडावी लागली, तेव्हा यवतमाळच्या राष्ट्रीय विद्यालयाने त्यांना आश्रय दिला, आणि १९१० साली ते कलकत्त्याच्या नॅशनल मेडिकल कॉलेजात गेले. एक वाट मिशनच्या महाविद्यालयातून जाणारी, दुसरी राष्ट्रीय शिक्षणाची. परंतु दोहोंना प्रांताबाहेर जावे लागले. १९१४ साली नागपुरात रॉबर्टसन मेडिकल स्कूल निघाले खरे, तथापि ते पदविकेपुरतेच होते. पदवीचे वैद्यकीय महाविद्यालय नागपुरास मिळाले ते १९४७ साली.

स्वातंत्र्याच्या सुमारास नागपुरात डॉ. रघुवीर यांनी संस्कृत धातूंवरून शास्त्रीय परिभाषा घडविण्याचे काम चालविले होते. त्या प्रयत्नाचे मोल कमी नाही. परंतु वैद्यकाच्या विद्यार्थ्यापुढील अडचण केवळ प्रतिशब्दांची नव्हती. मराठी रुग्ण ‘नस’ म्हणतो तेव्हा त्याला शिरा, चेतातंतू किंवा स्नायुबंध यांपैकी काहीही अभिप्रेत असू शकते. ‘पित्त’ हा शब्द छातीतील जळजळीलाही लागतो आणि अंगावर उठणाऱ्या गांधींनाही. ‘जीव घाबरतो’ या तक्रारीत हृदयाची धडधडही येते आणि मनाची भीतीही. प्रयोगशाळेत या तीनही शब्दांना प्रवेश नव्हता. दवाखान्यात मात्र रुग्णाची पहिली साक्ष याच शब्दांत मिळते. केळापूर तालुक्यात तर गोंडी आणि कोलामी या भाषांचीही त्यांत भर पडते. इंग्रजीतून शरीर शिकलेल्या डॉक्टराला ते पुन्हा लोकभाषेत शिकावे लागते, आणि हे दुसरे शिक्षण कोणत्याही अभ्यासपत्रिकेत नमूद नसते.

१९८९ साली यवतमाळला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झाले आणि अंतराचा प्रश्न पुष्कळसा सुटला. २०१७ पासून वैद्यकीय प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा मराठीतूनही देता येऊ लागली, म्हणजे उंबरठ्यावर मराठी आली. आतील अध्यापन मात्र इंग्रजीतच राहिले. म्हणून या इतिहासाचा निष्कर्ष माध्यमाच्या वादापुरता मर्यादित नाही. ख्रिस्ती महाविद्यालयाने या प्रदेशाला शास्त्रीय निरीक्षणाची शिस्त दिली, हे ऋण मान्य केलेच पाहिजे. परंतु ज्या हिस्लॉप यांच्या नावाने ती शिस्त येथे रुजली, त्यांनी जीवाश्मांबरोबर शब्दही वेचले होते. त्यांच्या वारशाचा हा दुसरा अर्धा भाग जीवशास्त्राच्या अभ्यासक्रमाने अद्याप स्वीकारावयाचा आहे.