विहिरीतही येते भरती : किनारी भूजल, समुद्राचा दाब आणि कोलकात्याचे पाणी

कोलकाता : बंगालच्या उपसागरापासून शंभर किलोमीटरहून अधिक दूर असलेल्या कोलकात्यात हुगळी नदीचे पाणी दिवसातून दोनदा चढते आणि दोनदा उतरते. उधाणाच्या दिवसांत भरतीची लाट भिंतीसारखी नदीतून वर सरकते. बंगाली भाषेत तिला ‘बान’ म्हणतात. ही हालचाल नदीपुरती मर्यादित नसते. भरती येणाऱ्या नद्या, खाड्या आणि समुद्र यांच्या काठच्या विहिरींतील पाण्याची पातळीही भरतीबरोबर वर-खाली होत असते. त्यामुळे समुद्राचे पाणी विहिरीत शिरले, असा समज सहज होतो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा विहिरीपर्यंत पोहोचतो तो दाब. खारे पाणी नव्हे. किनारी भूजलाचे संरक्षण करताना हा फरक महत्त्वाचा ठरतो.

दाब कसा पोहोचतो?

पाणी साठवणाऱ्या आणि वाहू देणाऱ्या वाळूच्या किंवा खडकाच्या थराला जलधर म्हणतात. वर अभेद्य थर नसलेल्या मुक्त जलधरात पातळी वाढण्यासाठी वाळूतील रिकाम्या जागा प्रत्यक्ष पाण्याने भराव्या लागतात. परिणामी भरतीचा प्रभाव साधारणतः किनाऱ्यापासून काही दहा ते काही शे मीटरांत विरतो. चिकणमातीखाली दबलेल्या बंदिस्त जलधरात मात्र केवळ दाबातील बदल पुढे सरकतो आणि तो काही किलोमीटरपर्यंत जाणवू शकतो. भरतीच्या पाण्याचे वजन वरील थरावर पडल्यानेही हा दाब वाढतो. दोन भरतींमधील अंतर सुमारे १२ तास २५ मिनिटांचे असते. विहिरीतील चढउतारांत तोच क्रम दिसतो. मात्र किनाऱ्यापासून दूर जाताना चढउतार लहान होतो आणि त्याला विलंब लागतो.

कोलकात्याचा जलधर या दुसऱ्या प्रकारचा आहे. शहराखाली सरासरी सुमारे ४० मीटर जाडीचा चिकणमातीचा थर असून त्याखाली वाळूचे जलधर आहेत. शहरात पडणारा पाऊस या थरातून फारसा मुरत नाही. दीर्घकाळच्या उपशामुळे मध्य कोलकात्याखालील भूजलाचा दाब घटला असून भोवतालचे पाणी त्या दिशेने ओढले जाते. शहराच्या काही भागांत भूजल मचूळ आहे. मात्र सारा खारटपणा आजच्या भरतीचा नसतो. प्राचीन काळी गाळाबरोबर अडकलेले खारे पाणीही त्याला कारणीभूत असू शकते.

खारे पाणी कशामुळे सरकते?

गोडे पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा हलके असल्याने त्यावर तरंगते. दोहोंच्या घनतेतील फरकानुसार, मुक्त जलधरात समुद्रसपाटीच्या वर एक मीटर गोडे पाणी असेल, तर सपाटीखाली सुमारे ४० मीटर खोलीपर्यंत गोडे पाणी टिकते. हे प्रमाण घायबेन आणि हर्झबर्ग यांच्या नावाने ओळखले जाते. उपशामुळे वरची पातळी एक मीटरने कायमची घटली, तर खाऱ्या पाण्याची सीमा कालांतराने तत्त्वतः ४० मीटर वर येऊ शकते. भरती-ओहोटीमुळे या सीमेवरील मिश्रणाचा पट्टा रुंदावतो. पण सीमा आत ओढण्याचे मुख्य काम अतिउपसा करतो.

कोकणातील खाडीकाठच्या विहिरींनाही हाच नियम लागू होतो. पावसाळ्यानंतर गोडे असलेले पाणी उन्हाळ्यात मचूळ होते, तेव्हा समुद्र वाढलेला नसतो. गोड्या पाण्याचा दाब घटलेला असतो.

सुंदरबनचा अनुभव

कोलकात्याच्या दक्षिणेस सुंदरबनमध्ये वरचे जलधर बहुतांशी खारे आहेत. पिण्यायोग्य पाण्यासाठी अनेक ठिकाणी १८० मीटरहून खोल नलिकाकूप घ्यावे लागतात. अशा कूपांची नळी गंजली किंवा बाहेरील पोकळी नीट बुजवली नाही, तर वरचे खारे पाणी खालच्या गोड्या थरात उतरते. २५ मे २००९ रोजी ‘आयला’ चक्रीवादळात बांध फुटून शेते आणि तळी समुद्राच्या पाण्याखाली गेली. भरतीचा दाब काही तासांत ओसरतो; जमिनीत मुरलेले क्षार निघून जाण्यास मात्र अनेक पावसाळे लागू शकतात.

मोजणी आणि उपाय

भरतीच्या प्रभावक्षेत्रातील विहिरीची एकच नोंद दिशाभूल करू शकते. एकदा भरतीच्या आणि नंतर ओहोटीच्या वेळी मोजणी केल्यास पातळी घटल्याचा चुकीचा निष्कर्ष निघेल. म्हणून स्वयंचलित यंत्राने सतत नोंद घेऊन सुमारे २५ तासांची सरासरी काढणे आणि पाण्याची क्षारताही तपासणे इष्ट ठरते.

नदीतील गोड्या पाण्याचा प्रवाहही तितकाच महत्त्वाचा आहे. १९७५ मध्ये कार्यान्वित झालेल्या फराक्का बंधाऱ्यातून हुगळीत वळवले जाणारे गंगेचे पाणी बंदरातील गाळ हटवण्याबरोबरच क्षारता रोखण्यास साहाय्यभूत ठरते. कोलकात्याला मुख्यत्वे याच नदीचे शुद्ध केलेले पाणी मिळते. ते जिथे अपुरे पडते, तिथे भार भूजलावर येतो. उपशाच्या नियमनासाठी पश्चिम बंगालमध्ये २००५ चा भूजल कायदा आहे. भरती थांबवता येत नाही. तिला तोंड देणारा गोड्या पाण्याचा दाब राखणे मात्र माणसाच्या हाती आहे.