गावतळे आणि ‘जीवसमुदाय’ : एका पाठाचा व एका शब्दाचा इतिहास

शालेय मुलांना तळ्याकाठी नेऊन गोड्या पाण्यातील जीवसृष्टीचा परिचय करून देण्याची पद्धती आज अनेक देशांत रूढ आहे. पाणी, त्यातील वनस्पती, कीटक, मासे व बेडूक ही सर्व मिळून एक ‘परिसंस्था’ होते, असे क्रमिक पुस्तके सांगतात. परंतु हा पाठ या संज्ञेहून वयाने मोठा आहे. ‘परिसंस्था’ हा शब्द ज्या इंग्रजी संज्ञेचा प्रतिशब्द आहे, ती १९३५ साली प्रथम छापली गेली. तळ्याचा पाठ मात्र त्यापूर्वी पन्नास वर्षे, १८८५ साली, जर्मनीतील कील या बंदराच्या शहरी ग्रंथरूपाने सिद्ध झाला होता. या पाठाचा इतिहास बऱ्याच अंशी एका शब्दाचा इतिहास आहे, आणि तो सर्वस्वी निर्दोष नाही.

या इतिहासाचा प्रारंभ गोड्या पाण्यात नव्हे, समुद्रात झाला. कील विद्यापीठातील प्राणिशास्त्राचा प्राध्यापक कार्ल मोबियुस याच्याकडे प्रशियाच्या शासनाने उत्तर समुद्रातील कालव या शिंपलीवर्गीय प्राण्याच्या पैदाशीची पाहणी सोपविली होती. कालवाचा एकट्याने विचार करून या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही, असे त्याला आढळून आले. एका कालवापासून लक्षावधी पिले निपजतात. त्यांतील किती जगावीत हे जागा, अन्न, पाण्याचा खारेपणा व शेजारचे इतर जीव यांवर अवलंबून असते. माणसाने कालवे बेसुमार उपसली, तर मोकळ्या झालेल्या जागी दुसऱ्या जातीचे शिंपले येतात. परस्परांना अशा रीतीने मर्यादित करणाऱ्या जीवांच्या समूहाला मोबियुसने १८७७ साली ग्रीक धातूंवरून ‘बिओत्सोनोज’ हे नाव दिले आणि त्याला ‘लेबेन्सगेमाइन्ड’ असा जर्मन पर्यायही सुचविला.

मोबियुसची व्याख्याने ऐकणाऱ्यांत फ्रीडरिख युंगे (१८३२–१९०५) हा कीलमधील एक शाळाशिक्षक होता. त्या काळी जर्मन शाळांत निसर्गेतिहास शिकविला जाई तो मुख्यतः आउगुस्ट ल्यूबेन याच्या परंपरेने. एकेक वनस्पती वा प्राणी घ्यावा, त्याच्या अवयवांचे वर्णन करावे, साम्यभेद पाहावेत आणि वर्गीकरणात त्याची जागा नेमून द्यावी, असा तो क्रम. या पद्धतीने मुलांची दृष्टी काटेकोर होत असे, परंतु प्राणी जगतो कसा हा प्रश्न बाजूला राही. तशात १८८२ च्या नव्या अभ्यासक्रमाने प्रशियातील माध्यमिक शाळांच्या वरच्या वर्गांतून हा विषय वगळला. डार्विनच्या मताचा वर्गात शिरकाव झाल्यावरून उठलेला वाद त्यामागे होता. अशा समयी युंगेने लोकशाळेतील लहान मुलांसाठी ‘जीवसमुदाय या दृष्टीने गावतळे’ अशा अर्थाच्या नावाचा ग्रंथ प्रसिद्ध केला.

गावतळे निवडण्यात मोठे औचित्य होते. ते मुलांच्या नित्य पाहण्यातले, त्याला काठ आहे, आणि त्याच्याकडे निरनिराळ्या ऋतूंत पुन्हा पुन्हा जाता येते. युंगेच्या योजनेत आधी एकेका जीवाचे निरीक्षण येते. बदकाचे पाय, पाणभुंग्याचा श्वासोच्छ्वास यांसारख्या गोष्टी पाहून वसतिस्थान, राहणी व शरीररचना ही एकमेकांना जुळणारी असतात, हा नियम मुलांनी स्वतः शोधावयाचा. त्यानंतर जीवांची परस्परांशी तुलना, पुढे त्यांचे परस्परावलंबन, आणि शेवटी संपूर्ण तळे. एका तळ्यावर पारखलेला नियम अपरिचित ठिकाणीही लावून पाहता यावा, हे या शिक्षणाचे साध्य होते.

युंगेने ‘लेबेन्सगेमाइन्ड’ ऐवजी ‘लेबेन्सगेमाइनशाफ्ट’ हे रूप योजिले. ‘गेमाइन्ड’ या शब्दात गावच्या किंवा चर्चच्या संघटित मंडळीचा अर्थ मुख्य आहे. ‘गेमाइनशाफ्ट’ मध्ये आपलेपणाने बांधलेल्या सहजीवनाची छटा अधिक. दोनच वर्षांनी, १८८७ साली, त्याच कील विद्यापीठात अध्यापन करणाऱ्या फेर्डिनांड ट्योनीस याने ‘गेमाइनशाफ्ट’ हीच संज्ञा समाजशास्त्राच्या पायाशी ठेवली. एकाने दुसऱ्यापासून शब्द घेतला असे म्हणण्याचे कारण नाही. परंतु त्या शब्दाला त्या काळी किती भावनिक भार प्राप्त झाला होता, हे यावरून ध्यानी येते.

या भाराचे पर्यवसान १९३३ साली दिसून आले. पाउल ब्रोमर याने जीवशास्त्राच्या अध्यापनावर लिहिलेल्या पुस्तकात हीच कल्पना जर्मन राष्ट्राला लाविली : राष्ट्र हा जीवसमुदाय, व्यक्ती हा त्याचा केवळ अवयव, आणि परवंशीय तो परका. युंगेच्या तळ्यात परका कोणी नव्हता. तेथे प्रत्येक जीवाविषयी तो कसा जगतो एवढाच प्रश्न होता. ज्या शब्दाने मुलांना पाहावयास शिकविले, त्याच शब्दाने आता न पाहताच निर्णय देण्याची सोय झाली. निरीक्षण सुटले आणि रूपक तेवढे उरले.

याच सुमारास, अगदी निराळ्या वादातून, आर्थर टॅन्सली या ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञाने ‘समुदाय’ या कल्पनेवर आक्षेप घेतला. वनस्पती व प्राणी यांना एकाच समाजाचे सभासद मानणे त्याला मान्य नव्हते. आणि पाणी, माती, हवा ही निर्जीव अंगे या शब्दात सामावत नाहीत, ही त्याची दुसरी हरकत. म्हणून १९३५ साली त्याने ‘संहती’ या अर्थाच्या पदावर आधारलेली नवी संज्ञा योजिली. हीच आजच्या ‘परिसंस्थे’ची मूळ संज्ञा होय.

मराठीत ‘समुदाय’ हा शब्द मनुष्यव्यवहारातून आलेला आहे, आणि ‘संस्था’ म्हटले की शाळा, मंडळे व कचेऱ्या डोळ्यांपुढे येतात. परिभाषेला रूपक टाळता येत नाही. परंतु मूल ‘परिसंस्था’ ही व्याख्या पाठ करून तळ्याकडे गेले, तर त्याला तळ्यात व्याख्याच दिसेल. डबक्यातील शेवाळ, गोगलगाय व डासांच्या अळ्या न्याहाळून ते त्या शब्दापर्यंत पोचले, तर शब्दाची मर्यादाही त्याला कळेल. युंगेने घालून दिलेला क्रम प्रथम तळे, मग नियम असा होता. त्याच्या शब्दाचे पुढे काय झाले हे पाहता, त्या क्रमाचे महत्त्व केवळ अध्यापनाच्या सोयीपुरते नव्हते, हे स्पष्ट होते.