तिवराच्या पानावरचं मीठ

एप्रिलच्या अखेरीस, ओहोटीच्या वेळी पनवेलच्या खाडीकाठी जाऊन तिवराचं एक पान तोडा आणि जिभेला लावून पाहा. खारट लागेल. उन्हात तिरकं धरलंत तर मिठाचे बारीक कण चमकताना दिसतील. भरतीचं पाणी पोचत नाही अशा वरच्या फांदीवरही ते असतात, कारण झाडाने स्वतःच्या अंगातलं मीठ पानावाटे बाहेर टाकलेलं असतं. पावसाळ्यात ते सरींबरोबर धुऊन जातं, म्हणून मी विद्यार्थ्यांना घेऊन जातो ते उन्हाळ्यातच.

पेशी ऊर्जा कशी मिळवते आणि आपल्या पटलातून वस्तूंची ने-आण कशी करते, या अभ्यासाच्या उंबऱ्यावर जे पहिल्यांदाच उभे आहेत त्यांचं स्वागत मला या पानाने करावंसं वाटतं. शाळेत हे दोन निरनिराळे धडे असतात. एकात तंतुकणिका, म्हणजे पेशीचं ऊर्जाघर. दुसऱ्यात विसरण, परासरण आणि पाण्यात फुगणारे बेदाणे. एक पाठ करायचा, दुसऱ्याची आकृती काढायची, आणि परीक्षा झाली की दोन्ही विसरायचे. इतकी वर्षं शिकवल्यावर माझी खात्री झाली आहे की हा एकच धडा आहे. पेशी आपली बहुतेक ऊर्जा कमावते ती पटलाच्या दोन बाजू असमान ठेवून, आणि कमावलेल्यातला मोठा वाटा खर्चते तोही त्या बाजू असमान राहाव्यात म्हणून.

खारजमिनीचा प्रदेश पाहिलेल्या माणसाला हे जड जाऊ नये. पनवेल, पेण, उरणच्या पट्ट्यात भातशेती झाली ती बांधांच्या आधाराने. बांधाच्या एका अंगाला खारं पाणी, दुसऱ्या अंगाला खाचर, आणि मध्ये उघाडी. ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने उघाडीचं दार उघडतं आणि साचलेलं पावसाचं पाणी खाडीत जातं. भरती आली की खाडीचंच पाणी ते दार लावून टाकतं. बांधाला खांड पडली तर दोन्हीकडचं पाणी एक होतं आणि शेत हातचं जातं. पेशीचं पटलही असाच बांध आहे, स्निग्ध रेणूंच्या दोन थरांचा. मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातले पाच-सात भाग एवढीच त्याची जाडी. मिठाचा विद्युतभारित कण त्या तेलकट थरातून सहसा पार होत नाही. त्याला प्रथिनांची दारं लागतात. पाण्यालाही स्वतःची दारं आहेत. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की पाणी सुटतं, त्यातलं बरंचसं अशाच दारांतून येतं. ही दारं शोधल्याबद्दल पीटर आग्रे यांना 2003 साली नोबेल मिळालं.

उघाडीला मजुरी पडत नाही, तिचं काम भरती-ओहोटी करते. वस्तू उताराने जात असेल तर पेशीचंही तेवढ्यावर भागतं. चढाने न्यायची असेल, म्हणजे जिथे आधीच गर्दी आहे तिथे आणखी कोंबायची असेल, तर पंप हवा आणि पंपाला इंधन हवं. हा पंप पहिल्यांदा हाती लागला तो खेकड्यांच्या पायात. डेन्मार्कमधल्या ऑर्हुसला येन्स स्कू खेकड्यांच्या पायांतल्या नसा काढून वाटत असत, आणि त्या नसांच्या पटलात एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, फोडणारं एक विकर त्यांना सापडलं. सोडियम आणि पोटॅशियम दोन्ही हजर असले की ते जोमाने चाले. 1957 साली त्यांनी ते प्रसिद्ध केलं. तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत, आणि खर्च एटीपीचा एक रेणू, असा या पंपाचा हिशेब. तुम्ही स्वस्थ पडून असता तेव्हाही अंगातल्या ऊर्जेचा सुमारे पाव हिस्सा या एका कामावर जातो. कुठलाही रासायनिक पदार्थ त्यातून तयार होत नाही. फक्त आत आणि बाहेर यांतला फरक टिकतो, आणि त्या फरकाच्या जोरावर मज्जातंतूतून संदेश धावतो.

हे इंधन येतं कुठून? आपल्या अंगात एका वेळी एटीपी असतं ते फार तर पाव किलो. दिवसभरात घडतं आणि मोडतं ते मात्र जवळपास आपल्या वजनाइतकं. एवढं घडवणारी यंत्रणा समजायला मी मुलांना खोपोलीला पाठवतो. जुन्या मुंबई-पुणे रस्त्याच्या बाजूने डोंगरावरून उतरणारे टाटांच्या वीजकेंद्राचे नळ दिसतात. 1915 पासून लोणावळ्याकडच्या तलावांचं पाणी घाट उतरून इथे येतं, चक्र फिरवतं आणि पाताळगंगेला मिळतं. पाणी खर्च होत नाही, नुसतं खाली येतं. वीज मिळते ती उंचीतल्या फरकाची. पीटर मिचेल यांनी 1961 साली तंतुकणिकेबद्दल नेमकं हेच मांडलं. अन्न जाळून मिळालेल्या ऊर्जेने पेशी प्रोटॉन आतल्या पटलाच्या पलीकडे ढकलते, आणि ते परत येताना एटीपी घडतं. त्या काळचे जाणते जीवरसायनशास्त्रज्ञ ऊर्जा साठवणारा एखादा खास रेणू शोधत होते. साठा रेणूत नसून दोन बाजूंच्या तफावतीत आहे, हे त्यांना पटेना. मिचेल यांनी इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यातल्या एका जुन्या वाड्यात स्वतःची छोटी प्रयोगशाळा थाटली आणि काम चालू ठेवलं. 1978 साली नोबेल आलं. तंतुकणिकेच्या आतल्या पटलावरचा विद्युतदाब व्होल्टच्या सहाव्या-सातव्या हिश्शाएवढाच असतो. पण पटल इतकं पातळ, की तो दर मीटरला काढला तर दोन-तीन कोटी व्होल्ट भरतो.

खोपोलीसारखं फिरणारं चक्रही तिथे खरोखर आहे. 1997 साली जपानी संशोधकांनी एटीपी घडवणाऱ्या प्रथिनाच्या आसाला एक चमकता तंतू चिकटवला आणि तो गरगर फिरताना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. प्रत्येक फेऱ्याला तीन एटीपी. त्याच वर्षीचं रसायनशास्त्राचं नोबेल निम्मं पॉल बॉयर आणि जॉन वॉकर यांना एटीपी घडवणाऱ्या या यंत्रासाठी मिळालं, आणि उरलेलं निम्मं स्कू यांना ते खर्चणाऱ्या पंपासाठी. मिळकत आणि खर्च एकाच पारितोषिकात आले, याचा मला शिक्षक म्हणून फार आनंद वाटतो.

घाटावर पाणी चढवायला पाऊस आहे. पेशीत प्रोटॉन चढवायला इलेक्ट्रॉनांची साखळी आहे. अन्नातले इलेक्ट्रॉन एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे जात शेवटी ऑक्सिजनला मिळतात. या वाटेवरचा एक छोटा, लाल, लोहयुक्त हमाल म्हणजे सायटोक्रोम सी. इथे एका मराठी नावापाशी थांबलंच पाहिजे. कमला भागवत, पुढे कमला सोहोनी, जन्म 1911, इंदूर. लेखिका दुर्गा भागवत यांची धाकटी बहीण. मुंबई विद्यापीठात पहिल्या आलेल्या या मुलीला बंगळूरच्या विज्ञान संस्थेत सर सी. व्ही. रामन यांनी ती स्त्री आहे म्हणून प्रवेश नाकारला. ती हटली नाही, आणि वर्षभर काम पाहू या अटीवर 1933 साली आत शिरली. पुढे केंब्रिजला बटाट्यावर काम करताना त्यांनी दाखवून दिलं की वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम सी आहे. बटाट्याची पेशी आणि प्राण्याची पेशी श्वास घेतात त्या एकाच रीतीने, हे त्यातून उलगडलं. प्रबंध जेमतेम चाळीस पानांचा. 1939 साली डॉक्टरेट. नंतर त्या मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये आल्या, नीरेवर आणि डाळींवर संशोधन केलं, आणि त्या संस्थेच्या प्रमुखही झाल्या. बटाटा चिरताना मला त्यांची आठवण येते. पनवेलच्या बाजारातल्या प्रत्येक बटाट्यात तो लाल हमाल या क्षणी इलेक्ट्रॉन वाहतो आहे.

बांध फुटला तर काय होतं, तेही पेशीत पाहता येतं. 1930च्या दशकात अमेरिकेत डायनायट्रोफिनॉल नावाचं द्रव्य वजन उतरवायला दिलं जाई. ते पटलातून प्रोटॉन परस्पर आत आणतं. चक्र फिरत नाही, अन्न जळतच राहतं, सगळ्याची उष्णता होते. माणसं ताप चढून दगावली, आणि 1938 साली ते औषध म्हणून बंद झालं. नवजात बाळाच्या पाठीवरची तपकिरी चरबी मात्र अशीच खांड जपून, हवी तेवढी पाडते आणि बाळाला ऊब देते.

हे ज्ञान घरात पोचलं ते जुलाबावर देतात त्या मीठ-साखरेच्या पाकिटातून. आतड्याच्या पेशीत साखर आणि सोडियम जोडीने शिरतात, हे रॉबर्ट क्रेन यांनी 1960 साली मांडलं. स्कू यांचा पंप सोडियम उपसत राहतो, त्या उताराने सोडियम आत येतं, साखरेला हाताशी धरून आणतं, आणि त्यांच्यामागून पाणी येतं. पटकीतही ही वाट शाबूत असते. 1971 साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव इथल्या छावणीत डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ, साखर आणि खाण्याचा सोडा यांचं पाणी पिंपांतून पाजलं, आणि सुमारे तीस टक्क्यांवर गेलेलं मृत्यूंचं प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आलं. आज मिळणाऱ्या पाकिटात सोडियम आणि ग्लुकोजचे कण संख्येने सारखे असतात, ते याच जोडीमुळे. साखर ताकदीसाठी घातली आहे असं आजही घरोघरी सांगतात. खरं तर ती मिठाला आत येण्यासाठी लागणारी सोबत आहे.

आता पुन्हा खाडीवर. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे पस्तीस ग्रॅम क्षार असतात. तिवर त्यातलं नव्वद टक्क्यांच्या आसपास मीठ मुळाशीच अडवतं. काही मुळांच्या कडक थरांनी, काही पेशींच्या पंपांनी. उरलेलं वर चढतं आणि पानातल्या क्षारग्रंथी ते बाहेर टाकतात. या ग्रंथींच्या पेशी तंतुकणिकांनी खच्चून भरलेल्या असतात, आणि का ते आता सांगायला नको. मुळांची अडचण वेगळी आहे. खाडीच्या काळ्या चिखलात ऑक्सिजन जवळपास नसतोच. ऑक्सिजन नाही तर साखळी थांबते, प्रोटॉन चढत नाहीत, एटीपी घडत नाही, आणि पंप बसतात. म्हणून तिवराच्या भोवती चिखलातून शेकडो बोटांसारखी मुळं वर आलेली दिसतात. त्यांच्यावरच्या बारीक छिद्रांतून ओहोटीच्या वेळी हवा आत जाते, आणि भरती परत येईपर्यंत तेवढा वेळ त्यांना मिळतो.

मागच्या उन्हाळ्यात आम्ही गेलो तेव्हा एका झाडाभोवतीच्या मुळांवर निळ्या प्लास्टिकचा मोठा तुकडा गाळाने चिकटून बसला होता. त्या बाजूच्या फांद्या पिवळ्या पडल्या होत्या. पहिल्या वर्षाच्या एका मुलीने पान चाटून पाहिलं, खाली पाहिलं, आणि कोणी काही सांगण्याआधीच चपला काढून ती चिखलात उतरली.